खोक्यावरचं नाव खरं, आतला रेग्युलेटर खोटा

गाडीचं इंजिन बदलायला काढलं असेल आणि कुणी ‘रेग्युलेटर (इंजिनाला जाणाऱ्या पेट्रोलचा दाब धरून ठेवणारा भाग) आमच्याकडचाच घ्या साहेब, ओरिजिनल आहे, वर गेज (दाब दाखवणारं मीटर) फुकट’ असं म्हणालं, तर खिशात हात घालण्याआधी हे वाचा. माझे साडेनऊ हजार गेले. पैशांचं सोडा, दोन आठवडे मी बायको-मुलांना घेऊन अशी गाडी चालवत होतो जिच्या व्हॅक्यूमच्या नळीत, म्हणजे इंजिन हवा ओढतं तिथून रेग्युलेटरला येणाऱ्या नळीत, पेट्रोल उतरत होतं.

गाडी 1998 ची मारुती जिप्सी किंग, कार्ब्युरेटरवाली. तिच्यात 2000 पासून आलेलं सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणारं) इंजिन बसवायचं होतं. तेच 1.3 लिटर, पण 60 च्या जागी 80 हॉर्सपॉवर. इंजिन चांगलं मिळालं, फक्त फ्युएल रेलवरचा (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवरचा) रेग्युलेटर आधीच कुणीतरी काढून घेतलेला. कार्ब्युरेटरला तीन-चार पीएसआय (दाबाचं माप) दाब पुरतो, इंजेक्टरला चाळीसच्या आसपास लागतो. त्यामुळे इलेक्ट्रिक पंप आला, टाकीकडे परतीची लाइन आली आणि दाब धरून ठेवणारा रेग्युलेटर शोधणं आलं.

दुकानदाराने एका नामांकित परदेशी कंपनीचं खोकं काढलं. ॲल्युमिनियमची चकाकती बॉडी, वर ॲडजस्ट करायचा स्क्रू, बाजूला छोटा गेज. ‘हा कुठल्याही इंजिनला चालतो, 43 वर लावा आणि विसरून जा.’ बिल मागितलं तर साध्या कागदावर ‘रेग्युलेटर 1 नग’ लिहून दिलं. जीएसटी लावला तर महाग पडेल, म्हणाला. मी मान डोलावली. तिथेच मी फसलो.

गाडी सुरू झाली. गेज 43 दाखवत होता. पण आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना) काळा धूर, प्लग काजळीने भरलेले, ॲव्हरेज सहाचं. मिस्त्री आधी सेन्सरच्या मागे लागले, मग वायरिंगच्या. दोन सेन्सर उगाच बदलले. एका सकाळी डिपस्टिक काढली तर ऑइलची पातळी वाढलेली आणि वास पेट्रोलचा. ऑइल कधी आपोआप वाढत नाही. तेव्हा मिस्त्रींनी रेग्युलेटरची व्हॅक्यूमची नळी ओढून काढली. तिच्यातून पेट्रोल ठिबकलं. आतला पडदा फाटला होता आणि पेट्रोल थेट मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपात) ओढलं जात होतं. गरम इंजिनाशेजारी, पत्र्याच्या त्या डब्यात मागे मुलं बसलेली. अजूनही आठवलं की पोटात गोळा येतो.

मग मिस्त्रींनी त्यांचा टेस्टिंगचा गेज थेट रेलला जोडला. 61 पीएसआय! रेग्युलेटरवरचा काटा मात्र 43 वरच. पंप बंद करून दाब पूर्ण सोडला, तरी तो काटा आठवर अडकून राहिला. परतीची लाइन बारीक असेल म्हणून दाब चढत असेल, अशी शंका मला होती, कारण जुन्या गाड्यांत ते खरंच होतं. तीही फेडून घेतली: परतीचा पाइप सोडवून मोठ्या नळीने बाहेर कॅनमध्ये घातला (इंजिन थंड, जवळ फायर एक्स्टिंग्विशर). दाब 61 च राहिला. म्हणजे दोष रेग्युलेटरचाच.

चांगला रेग्युलेटर व्हॅक्यूमच्या नळीवर चालतो. आयडलला दाब आठ-दहा पीएसआयने उतरायला हवा आणि नळी काढली की लगेच वर चढायला हवा. माझा जागचा हलत नव्हता. जिथे 34 च्या आसपास हवा तिथे 61, म्हणजे त्या क्षणी इंजेक्टरमधून जवळजवळ तिसरा हिस्सा जादा पेट्रोल. वर फाटक्या पडद्यातून येणारं वेगळं. उघडून पाहिला तर आत पातळ, साधं रबर, फुगून मऊ पडलेलं. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्यात असलं रबर टिकत नाही. बॉडीवरचं कंपनीचं नाव थिनरच्या बोळ्याने पुसलं गेलं, सिरियल नंबर कुठेच नाही. हे सगळं मला दुकानात उभं राहून दिसलं असतं, मी पाहिलं नाही.

दुकानदार म्हणाला, ‘इलेक्ट्रिकल आणि फ्युएलचा माल परत घेत नाही, तुमच्या मिस्त्रीने स्क्रू जास्त आवळला असेल.’ कच्च्या कागदावर माल कुठल्या कंपनीचा तेच लिहिलेलं नव्हतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली आहे, सोबत यूपीआयचा पुरावा जोडला आहे, पण पक्कं बिल असतं तर माझी बाजू किती भक्कम झाली असती.

शेवटी त्याच इंजिनाचा, रेलवर दोन बोल्टने बसणारा मूळचा रेग्युलेटर अधिकृत स्पेअर काउंटरवरून इंजिन नंबर सांगून मागवला. आठवडा लागला, किंमत त्या खोट्याच्या निम्म्याहूनही कमी. स्क्रू नाही, गेज नाही, चकाकी नाही. टेस्टिंग गेजवर नळी काढून 42, नळी लावून आयडलला 33. ऑइल आणि फिल्टर बदलले, प्लग नवे टाकले.

खोटा रेग्युलेटर उघडलेल्या अवस्थेत मिस्त्रींच्या बाकावर ठेवला आहे. परवा एक मुलगा एस्टीमचं इंजिन घालायला आला होता, त्याच्या पिशवीत तेच खोकं होतं.