खोलीची चाहूल घेणारा नाद: ब्राउझर की प्युअर डेटा?

बैठकीत मंद वाजत राहणारं आणि माणसांच्या वावराप्रमाणे बदलणारं संगीत घरच्याच यंत्रावर करायचं, तर मला दोन वाटा व्यवहारी वाटतात. एक, जुन्या फोनच्या ब्राउझरमधलं वेब ऑडिओ, म्हणजे वेबपानातूनच आवाज घडवण्याची सोय. दुसरी, पडून असलेल्या लॅपटॉपवर प्युअर डेटा, म्हणजे पडद्यावर चौकोन तारांनी जोडून ध्वनी घडवायचं सॉफ्टवेअर. इंदूरला रामबागेतल्या घरी मी दोन्ही वापरलं आहे.

लिहायला ब्राउझर सोपा, यात वाद नाही. ख्यालगायक उस्ताद अमीर खाँच्या गावात राहून मेरखंड, म्हणजे त्यांच्या गाण्यातली स्वरांचे क्रम उलटसुलट फिरवण्याची पद्धत, सुचणारच. चार स्वरांचे 24 क्रम जावास्क्रिप्ट या ब्राउझरच्या भाषेतल्या मोजक्या ओळींत निघतात. वर्दळ वाढली की पुढचा क्रम घ्यायचा, खोली शांत झाली की दोन स्वरांमधला अवकाश वाढवायचा. हेच प्युअर डेटात चौकोन आणि तारा जोडून करताना जीव मेटाकुटीला येतो.

तरी माझा कौल फिरला तो एका गोष्टीमुळे. कुणी पडद्याला बोट लावल्याशिवाय ब्राउझर आवाजच काढत नाही. जाहिराती अचानक ओरडू नयेत म्हणून केलेला हा नियम योग्यच आहे. पण जुन्या फोनची बॅटरी थकलेली असते. फोन बंद पडून सुरू झाला किंवा पान नव्यानं उघडलं, की सगळं गप्प. आई संध्याकाळी बैठकीत येऊन बसते. तिनं आधी फोन शोधून त्याला हात लावायचा, हे मला पटत नाही. हे संगीत ती येण्याआधीपासून तिथे असायला हवं. लॅपटॉपवरच्या काही ब्राउझरना ही अट शिथिल करायला सांगता येतं. पण मग फोन वापरण्यातली सोय कुठे उरली?

प्युअर डेटात बनवलेल्या रचनेला पॅच म्हणतात. पॅच उघडताच आपोआप इशारा देणाऱ्या ‘लोडबँग’ या चौकोनाला ध्वनी सुरू करण्याचा संदेश जोडला आणि यंत्र चालू होताच पॅच उघडेल असं केलं, की काम झालं. लॅपटॉपऐवजी रास्पबेरी पाय हा हाताएवढा छोटा संगणक वापरला, तर तो लाइट आली की आपोआप सुरू होतो. मायक्रोफोनवरची आवाजाची पातळी ‘एन्व्ह’ हा चौकोन देतो. मात्र आपलाच वाजणारा नाद मायक्रोफोनलाही ऐकू येतो, म्हणून तो स्पीकरपासून लांब, दाराजवळ ठेवा.

एका संध्याकाळचं प्रदर्शन असेल, पाहुण्यांनी आपापल्या फोनवरून भाग घ्यायचा असेल, तर ब्राउझर कदाचित बरा. घरात कायम वाजायचं असेल तर मी प्युअर डेटाच लावीन. रास्पबेरी पाय घेतलात तर सोबत यूएसबी साउंड कार्डही घ्या. त्याच्या जुन्या मॉडेलांच्या हेडफोन जॅकची खरखर इतक्या मंद नादात लपत नाही.