जाहिरातीतली वर्खाची इलायची : एकदा घेतली, परत घेणार नाही

टीव्हीवर मॅच चालू असताना मोठमोठे हिरो जी चांदीच्या वर्खाची इलायची तोंडात टाकतात ती आमच्या आठवीतल्या पोराला पाहिजेच होती, म्हणून शोधायला निघालो. आमच्या कोल्हापुरात रंकाळ्याच्या बाजूला टपऱ्यांवर बोर्ड भरपूर, ब्रँडचं नाव हातभर मोठं आणि 'इलायची' खाली बारीक अक्षरात, पण माल कुणाकडंच नाही. शेवटी एका टपरीवाल्या मामांनी मागच्या डब्यातनं एक पुडी काढून दिली आणि म्हणाले, "ही कोण घेत न्हाई ओ, बोर्ड बघून लोक दुसरंच मागत्यात."

चव सांगतो. पुडी फोडली की आधी अत्तरासारखा वास येतो, आत थोडेसे दाणे, वर्ख जिभेला चिकटतो, नुसतं गोडसर लागतं आणि वेलची आहे हे कळायच्या आत संपतं. पाच रुपयाला हे महागच आहे.

पण खरा राग चवीचा नाही. कोगनोळी टोलनाका ओलांडून कर्नाटकातल्या निपाणीत गेलं की त्याच नावाचा, त्याच रंगाचा पानमसाला टपरीवर माळेनं लटकलेला असतो आणि शेजारी जर्द्याची वेगळी पुडी, दोन्ही एकत्र केलं की झाला गुटखा. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखा आणि पानमसाला दोन्हीवर बंदी आहे, तंबाखूच्या जाहिरातीला तर २००३ च्या कायद्यानंच बंदी, मग कंपनीनं नाव तेच ठेवलं आणि वस्तू बदलली. दारूवाल्यांचं पण तेच चाललंय, सोडा, पाणी, म्युझिक सीडी. शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकता येत नाही पण हा बोर्ड शाळेसमोर लागतो, कारण कागदावर ती वेलची आहे!

ह्या पळवाटा बुजत का नाहीत म्हणाल तर २०१५ आठवा. तंबाखूच्या पाकिटावर ८५ टक्के जागेत इशाऱ्याचं चित्र १ एप्रिलपासून येणार होतं, संसदेच्या समितीनं थांबवा म्हणून सांगितलं. अध्यक्ष आपले नगरचे खासदार दिलीप गांधी, त्यांचं म्हणणं तंबाखूनं कॅन्सर होतो असा भारतातला अभ्यासच नाही, आणि त्याच समितीत अलाहाबादचे खासदार श्यामाचरण गुप्ता, ज्यांचा स्वतःचा बिडीचा कारखाना. ज्याचा धंदा त्यालाच नियमावर मत द्यायला बसवलं तर दुसरं काय होणार? चित्र आलं ते एक वर्षानं, १ एप्रिल २०१६ ला. तंबाखू नियंत्रणाच्या जागतिक करारावर आपण २००४ लाच शिक्कामोर्तब केलंय, त्यातलं कलम ५.३ सरळ सांगतं की धोरण ठरवताना तंबाखू कंपन्यांचा हात लागू देऊ नका.

२०२२ मध्ये अक्षय कुमारनं लोकांनी झोडपल्यावर असल्या जाहिरातीतनं माघार घेतली आणि माफी मागितली, म्हणजे ओरडल्यावर फरक पडतो. शाळेजवळच्या दुकानदारांनी तो फुकटचा बोर्ड खाली उतरवावा अशी माझी हात जोडून विनंती आहे, पोरं रोज तिथनंच जातात हो.

पाचपैकी एक स्टार, तोही शून्य देता येत नाही म्हणून. वेलची खायचीच असेल तर लक्ष्मीपुरीत सुटी हिरवी घ्या, फोडून वास बघून.