दारातला करंज: चौथ्या उन्हाळ्यानंतरचा अनुभव

आमचं घर परभणी जिल्ह्यात, दार पश्चिमेला. वर पत्रे. मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढे गेला की दुपारी तीननंतर ओसरीत बसवत नाही. २०२१ च्या पावसाळ्यात दारापुढे, भिंतीपासून बारा फूट सोडून करंज लावला. यंदा त्याच्याखाली बाज टाकतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

रोपवाटिकेत आधी कोनोकार्पस गळ्यात मारत होते. भराभर वाढतो, कायम हिरवा राहतो, असं त्यांचं म्हणणं. मला तो नको होता. पुढे २०२३ मध्ये गुजरातने त्याच्या लागवडीवर बंदीच घातली. गुलमोहर दिसायला देखणा, पण वळवाचं वारं सुटलं की त्याच्या फांद्या कडाकड मोडतात, आणि ऊन चढायला लागतं तेव्हा तो बोडका असतो. अमेरिकेत न्यू जर्सीला असलेला भाचा म्हणाला, मामा, रेड ओक लावा, इकडे रस्त्यारस्त्याला त्याचीच सावली आहे. झाड उत्तमच आहे, त्या राज्याचं ते राज्यवृक्षही आहे. पण त्याला आम्लधर्मी जमीन लागते. आपल्या चुनखडीच्या रानात लोह मिळत नाही म्हणून लिंबाचं पान पिवळं पडतं आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, तेच त्याचं होणार. शिवाय त्याचं बी हिवाळाभर गारठल्याशिवाय उगवत नाही. आपल्याकडे तेवढी थंडी आणायची कुठून?

करंजाचं मला सगळ्यात पटलं ते त्याचं वेळापत्रक. पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे कोवळं ऊन अंगावर घ्यायला बरं वाटतं तेव्हा. मग बघता बघता नवी पालवी फुटते. सुरुवातीला पोपटी, तेल लावल्यासारखी चकचकीत. एप्रिल अर्धा सरेपर्यंत पान गर्द होतं आणि मे महिनाभर झाड भरलेलं राहतं. एका देठावर पाच-सात पानं, तीही रुंद, त्यामुळे कवडसे कमी पडतात. दुपारी गाडी त्याच्याखाली असली तर सीटवर लगेच बसता येतं. उन्हातल्या गाडीवर ओलं फडकं टाकल्याशिवाय बसता येत नाही. दाराच्या पश्चिमेला असल्यामुळे उतरतं ऊन भिंतीवर येत नाही आणि संध्याकाळी घर लवकर निवतं.

लागवडीत काळ्या मातीचा विचार आधी करावा लागतो. उन्हाळ्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि कोवळी मुळं तुटतात. दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा घेतला, मातीत शेणखत आणि थोडा मुरूम मिसळला, वाळवीसाठी निंबोळी पेंड टाकली. आळ्यात सोयाबीनच्या भुसकटाचा जाड थर दिला आणि दर उन्हाळ्यात तो नव्याने देतो. बुडाशी बारीक छिद्राचं मडकं पुरलं. पहिले दोन उन्हाळे तेच भरत होतो, आता आंघोळीचं पाणी वळवलंय तेवढं पुरतं. शेळ्या करंजाला फारसं तोंड लावत नाहीत, पण बैल मान घासून रोप मोडतो. म्हणून तुराट्यांचा कूड केला.

पहिली दोन वर्षं धीर धरावा लागतो. वर काही हालचाल दिसत नाही, झाड सोटमूळ खाली घालत असतं. तिसऱ्या पावसाळ्यात मात्र त्याने अंग धरलं. फांद्या खालूनच फुटतात आणि लोंबतात, त्यामुळे पावसाळा संपल्यावर खालच्या एक-दोन काढत छत्री वर न्यायची. शेंडा छाटायचा नाही.

तक्रारीही आहेत. पानांवर पांढऱ्या नागमोडी रेघा आणि मोहरीएवढ्या गाठी येतात. रेघा पान पोखरणाऱ्या अळीच्या, गाठी सूक्ष्म कोळ्यांच्या. झाडाला त्याने धोका नाही, पण दिसायला वाईट. मी फवारणी करत नाही, जास्त खराब डहाळी काढून टाकतो. यंदा पहिल्यांदा फूल आलं. पांढरट-जांभळी फुलं सकाळी अंगणभर पडतात, मधमाश्या दिवसभर घोंगावतात आणि आईला दोनदा झाडावं लागतं. ती कुरकुर न करता झाडते, पण फरशीचं नीटनेटकं अंगण हवं असलेल्यांनी हे आधी धरून चालावं. बी कडू आणि खायचं नाही, लहान मुलं असतील तर लक्ष ठेवा. बियांत साधारण ३० टक्के तेल असतं, पेंड खताला चालते. मुळांना फुटवे येतात म्हणून पाण्याची टाकी किंवा भिंत जवळ नको. ज्यांच्याकडे दहा फूटही मोकळी जागा नाही त्यांनी हे झाड लावू नये.

बी हवं असेल तर जवळच्या मोठ्या करंजाच्या शेंगा उन्हाळ्यात पिकलेल्या मिळतात. फोडून ताजं बीच पिशवीत लावा, जुनं झालेलं दगा देतं. पिशवीत रोप फार दिवस ठेवू नका, सोटमूळ बुडाशी गुंडाळलं जातं. पहिला चांगला पाऊस झाला की लगेच जमिनीत न्या.