सेलिंग टू सॅरँटियम: कारागिरीवर जीव असेल तर नक्की वाचा

फँटसी म्हणून ड्रॅगन, जादूगारांची युद्धं शोधत असाल तर गाय गेव्हरिएल केची ही १९९८ ची कादंबरी तुमच्यासाठी नाहीये. पण इतिहास आवडतो आणि हाताने काम करणाऱ्या माणसाबद्दल कुणी मनापासून लिहिलं की आवडतं, अशांनी वाचाच. हिरो क्रिस्पिन, मोझेइक करणारा, म्हणजे काचेचे-दगडाचे छोटे तुकडे बसवून भिंतीवर, छतावर चित्रं घडवणारा. प्लेगमध्ये बायको आणि दोन्ही मुली गेल्यात, कशातच रस उरला नाहीये, आणि अशात राजधानीतून सम्राटाचं बोलावणं येतं, तेही खरं तर त्याच्या वयस्कर पार्टनरला, पण जातो हा.

सॅरँटियम म्हणजे कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल) हे लगेच कळतं. कादंबरीतले सम्राट-सम्राज्ञी व्हॅलेरियस आणि अ‍ॅलिक्साना हे सहाव्या शतकातले तिथले खरे सम्राट-सम्राज्ञी जस्टिनियन आणि थिओडोरा, अगदी तिच्या रंगमंचावरच्या भूतकाळासकट. रथशर्यतीतले निळे-हिरवे हे दोन गट पण आहेत. खऱ्या इतिहासात ५३२ च्या नीका दंगलीत शहराचा मोठा भाग जळाला, हिप्पोड्रोममध्ये, म्हणजे रथशर्यतीच्या मैदानात, हजारो माणसं कापली गेली, आणि दंगलीत जळालेल्या जुन्या चर्चच्या जागी ५३७ पर्यंत हागिया सोफिया हे भव्य चर्च उभं राहिलं, सहा वर्षं पण लागली नाहीत! कादंबरीत दंगल होऊन गेलीये, नव्या देवळाचा घुमट उभा आहे आणि तो मोझेइकने मढवायचाय.

मला सगळ्यात भारी वाटलं ते हे मोझेइकचं काम. सोन्याचा वर्ख काचेत बंद करून केलेले तुकडे, ते मुद्दाम थोडे तिरके बसवायचे म्हणजे दिवा हलला की सगळी भिंत लखलखते, आणि उजेड कुठल्या खिडकीतून येणार याचा विचार आधीच करायचा. वाटेत एका छोट्या देवळात क्रिस्पिन छतावरचा देव बघतो तो प्रसंग मी लगेच परत वाचला, इतका आतपर्यंत जातो. इटलीतल्या रावेन्नाच्या सान व्हिताले चर्चमधल्या जस्टिनियन-थिओडोराच्या मोझेइकचे फोटो शेजारी उघडून वाचा, खूप फरक पडतो. आणि पुढे आठव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटांनी धार्मिक चित्रांवरच बंदी आणली हे माहीत असेल तर क्रिस्पिनचं काम वाचताना पोटात तुटतं.

जादू कमी आहे पण आहे ती अंगावर येते. किमयागाराचे बोलणारे यांत्रिक पक्षी आधी गंमत वाटतात, मग जंगलातला प्रसंग येतो आणि त्या पक्ष्यांमागचं खरं कळतं. इथे जास्त सांगत नाही.

खटकलं काय तर राजवाड्यातली प्रत्येक बाई क्रिस्पिनच्याच मागे, हे अजिबात पटलं नाही. आणि 'पुढे काहीतरी मोठं घडणारे' असं लेखक सारखं सुचवत राहतो, वैताग येतो. मधले दरबाराचे सीन लांबलेत, पण शर्यतीचं प्रकरण एका दमात वाचून होतं.

घेताना 'लॉर्ड ऑफ एम्परर्स' हा २००० साली आलेला दुसरा भाग पण सोबतच घ्या, कारण घुमटाचं काम जेमतेम मार्गी लागतं तिथेच पहिला भाग थांबतो.