ब्लिस मिक्सर: आपल्याच हार्ड डिस्कवरच्या गाण्यांचा न संपणारा मिक्स

ज्यांची गाणी अजूनही स्वतःच्या हार्ड डिस्कवर आहेत, म्हणजे सीडीवरून रिप केलेली, विकत घेऊन डाउनलोड केलेली, इकडून तिकडून जमवलेली, त्यांना स्ट्रीमिंगवाल्यांचा हेवा वाटतो तो फक्त एकाच गोष्टीसाठी. एक गाणं लावायचं आणि त्यामागून त्याच अंगाची गाणी आपोआप येत राहणार, उठून काही निवडायचं नाही. घरच्या लायब्ररीत शफल दाबलं तर काय होतं ते सगळ्यांना माहितीये, हळुवार गझल संपते न संपते तोच ड्रमचा धडाका. ब्लिस मिक्सर ह्यावरचाच इलाज आहे आणि बऱ्यापैकी वापरल्यावर माझं मत असं की इलाज चालतो, पण नुसता इन्स्टॉल करून नाही, त्याच्याभोवती थोडी कुंपणं घालावी लागतात.

हे लिरियन म्युझिक सर्व्हरचं प्लगइन आहे, म्हणजे आपल्या फायली घरातल्या प्लेअरवर वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरला जोडायचा तुकडा. लिरियन म्हणजे आधीचं लॉजिटेक मीडिया सर्व्हर, स्क्वीझबॉक्स ह्या नेटवर्क प्लेअरवालं. लॉजिटेकने 2006 साली स्क्वीझबॉक्स बनवणारी स्लिम डिव्हाइसेस विकत घेतली, 2012 मध्ये स्क्वीझबॉक्स बंद केले, पण सर्व्हरचं सॉफ्टवेअर ओपन सोर्स असल्यामुळे टिकलं आणि 2024 पासून लिरियन नावाने चालू आहे. प्लगइन फुकट आहे, मटेरियल स्किन हा लिरियनचा नवा चेहरामोहरा बनवणाऱ्याच डेव्हलपरचं आहे, आणि सगळं काम घरच्या मशीनवर चालतं. आपण काय ऐकतो ते बाहेर कुठेही जात नाही. मला हा मुद्दा मोठा वाटतो, कुणाला नसेलही वाटत.

आता ते करतं काय. स्ट्रीमिंगचं गणित बरंचसं "हे ऐकणाऱ्यांनी तेही ऐकलं" ह्यावर चालतं. इथे दुसरं कुणी ऐकणारं नाहीच, त्यामुळे ब्लिस थेट आवाजच तपासतं. प्रत्येक फाइल उघडून ती मोनो आणि 22,050 हर्ट्झवर आणायची, मग तिच्यातून आकडे काढायचे. प्लगइनच्या मुळाशी असलेली ब्लिस लायब्ररी (गाण्यांची नव्हे, प्रोग्रॅमच्या कोडची) एका गाण्याचे असे वीसेक आकडे काढते: एक लयीचा, सात आवाजाच्या पोताचे, दोन मोठेपणाचे म्हणजे आवाज किती जोरात आहे त्याचे, आणि बाकीचे सुरांचे. सुरांचे आकडे गाणं कुठल्या पट्टीत आहे ते बघत नाहीत, सुरांमधली अंतरं बघतात, म्हणून तेच गाणं दोन सूर चढवून गायलं तरी ते फारसं परकं होत नाही. मग दोन गाण्यांच्या आकड्यांमधलं अंतर मोजायचं, कमी अंतर म्हणजे जवळचं गाणं. बस, एवढंच. कलाकार कोण, साल कुठलं, शब्द काय, ह्याचा त्या हिशोबात पत्ताच नाही.

आणि नेमकी तीच मजा आहे. एकट्या पियानोचा तुकडा लावला की मागून सोलो गिटार येते, मग पार विसरलेल्या एखाद्या अल्बमच्या शेवटी लपलेला बासरीचा छोटा ट्रॅक. आपण होऊन तो कधीच लावला नसता. मोठी लायब्ररी असली की आपण फिरून फिरून तीच मूठभर गाणी ऐकतो, बाकीची नुसती जागा अडवून असतात. ब्लिसला आवडती नावडती असा भेद माहीतच नाही, त्यामुळे कोपऱ्यातली गाणी बाहेर येतात. वाद्यसंगीत, अँबियंट, इलेक्ट्रॉनिक, जॅझ ह्यात तर त्याचा निकाल फारच छान लागतो.

एक गंमत मात्र लक्षात ठेवा. पोताचे आकडे मोजताना यंत्राला गायकाचा आवाज आणि रेकॉर्डची खरखर वेगळी कळत नाही. जुन्या तबकड्यांवरून काढलेल्या फायलींमध्ये जी सतत खसखस असते ती स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे आवाजातल्या कंपनसंख्यांच्या आलेखात, भरभरून दिसते, मग जुनी रेकॉर्डिंगं एकमेकांना चिकटतात, गाण्याचा मूड काहीही असो. विरहाचं गाणं लावलं आणि मागून त्याच काळातलं विनोदी गाणं आलं तर दोष गाण्यांचा नाही, खरखर सारखी आहे. मला स्वतःला हे चालतं, उलट जुन्या गाण्यांची संध्याकाळ आपोआप जमते. पण ज्यांनी तेच गाणं एकदा जुन्या कॉपीतून आणि एकदा साफ केलेल्या रीमास्टरमधून ठेवलंय त्यांनी बघावं, दोन्ही कॉपींचे शेजारी वेगवेगळे निघतात.

ह्याच्या उलट, "माझ्या फायली कमी बिटरेटच्या आहेत, मग विश्लेषण चुकेल का" ही काळजी सोडून द्या. 128 केबीपीएस बिटरेटच्या एमपीथ्रीमध्ये साधारण 16 किलोहर्ट्झच्या वरचा भाग कापलेला असतो, आणि ब्लिस मुळात 11 किलोहर्ट्झच्या आतलंच ऐकतं, कारण 22,050च्या सॅम्पल रेटमध्ये त्याहून वरचं मावतच नाही. तो कापलेला भाग त्याच्या खिजगणतीतच नाही. फ्लॅक (दर्जा न घटवणारा फाइल प्रकार) आणि एमपीथ्री मिसळून ठेवलेली लायब्ररी असली तरी बिनधास्त चालवा.

लांब गाण्यांचं काय होतं ते जरा सविस्तर सांगतो, कारण शास्त्रीय ऐकणाऱ्यांना हे अडेल. आकडे पूर्ण फाइलवरून निघतात, बरेचसे सरासरी आणि चढउतार अशा जोडीने. तीन चार मिनिटांचं गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत साधारण एकाच रंगात असतं, तिथे सरासरी खरी वाटते. पण अर्ध्या तासाचा ख्याल घ्या, आधी संथ आलाप, मग विलंबित, शेवटी द्रुत आणि तानांचा पाऊस, आणि ह्या सगळ्याचा मिळून एकच हिशोब. जी लय निघते ती त्या रेकॉर्डिंगमध्ये धड कुठेच नसते. वरून तानपुरा अखंड वाजत असतो, म्हणजे सा आणि पचं अंतर सगळीकडेच ठासून भरलेलं, त्यामुळे सुरांच्या आकड्यांवरून राग ओळखला जाईल ही आशा ठेवूच नका. एका रागामागून त्याच रागाचं दुसरं काही आलं तर तो योगायोग समजा. अशा रेकॉर्डिंगसाठी मी कमाल लांबीचं सेटिंग वापरतो, ठरावीक वेळेपेक्षा मोठे ट्रॅक मिक्समध्ये येऊच द्यायचे नाहीत, ते आपलं आपण निवांत बसून ऐकायचं. पाच सहा मिनिटांच्या बंदिशी, ठुमऱ्या, धून मात्र छान मिसळतात.

लयीचं पण एक आहे. संगणकाला ठेका मोजायला लावला की कधी तो दुप्पट मोजतो कधी निम्मा, मिनिटाला 70 ठोक्यांचं गाणं 140चं वाटतं. हे ह्या एकाच सॉफ्टवेअरचं नाही, लय मोजणाऱ्या सगळ्याच प्रोग्रॅमना हा जुना आजार आहे. सेटिंगमध्ये दोन गाण्यांच्या बीपीएममध्ये (मिनिटाच्या ठोक्यांमध्ये) जास्तीत जास्त किती फरक चालेल ते ठरवता येतं, पण ह्याच कारणासाठी मी ते फार घट्ट करत नाही, नाहीतर चांगली जवळची गाणी उगाच गळतात.

आता कुंपणं. माझ्या मते सगळा खेळ इथेच आहे. नुसत्या अंतरावर सोडलं तर ब्लिस शाळेतल्या पोरांना उंचीप्रमाणे उभं करतं, कोण कुणाचा दोस्त ते त्याला ठाऊक नसतं. संथ गिटारवरचं गाणं आणि तशाच गिटारवरचं लहान मुलांचं गाणं आकड्यांमध्ये शेजारी शेजारी. ह्यासाठी जॉनरचे, म्हणजे संगीतप्रकारांचे, गट करायची सोय आहे: एका ओळीत एक गट, जॉनरची नावं अर्धविरामाने वेगळी करून लिहायची. ब्लूज, सोल, फंक एका ओळीत. गझल, ठुमरी, सुगम दुसऱ्या ओळीत. मेटल आणि हार्ड रॉक तिसऱ्या. मग सीड गाणं, म्हणजे ज्यावरून पुढची शोधायची ते, ज्या गटातलं असेल त्या गटातूनच पुढची गाणी निवडली जातात. हे केल्याक्षणी मिक्सचा दर्जा एकदम वर जातो, आकड्यांमध्ये काहीही बदल न करता.

पण त्यासाठी टॅग, म्हणजे फाइलमध्येच लिहिलेली गाण्याची माहिती, बरे असायला लागतात, आणि घरच्या लायब्ररीतले टॅग म्हणजे काय सांगू. कुठे जॉनर रिकामा, कुठे "अदर", कुठे रिप करणाऱ्याने सगळ्याच अल्बमना "वर्ल्ड म्युझिक" चिकटवलेलं. पिकार्ड किंवा एमपीथ्रीटॅग असा टॅग सुधारणारा प्रोग्रॅम घेऊन आधी साफसफाई करा, कंटाळवाणं काम आहे पण एकदाच करायचं. फार बारीक जॉनर ठेवू नका, मोजके मोठे कप्पे पुरतात, कप्प्याच्या आतलं वर्गीकरण ब्लिस करेलच की. आणि टॅग बदलले म्हणून सगळं विश्लेषण परत करावं लागत नाही, डेटाबेसमधले टॅग तेवढे ताजे करायची वेगळी कमांड आहे.

दुसरं कुंपण म्हणजे किती गाणी होईपर्यंत तोच कलाकार आणि तोच अल्बम परत नको. एका कलाकाराची गाणी एकाच स्टुडिओत, त्याच वाद्यांवर, त्याच माणसाने मिक्स केलेली असतात, साहजिकच ती एकमेकांना सगळ्यात जवळची निघतात. हे सेटिंग शून्य ठेवलं तर तोच अल्बम उलटसुलट क्रमाने ऐकायला मिळेल. दोन्ही आकडे चांगले मोठे ठेवा, अल्बमचा कलाकारापेक्षा मोठा.

तिसरी गोष्ट वजनांची. लय, पोत, मोठेपणा, सूर, ह्या चारांना किती महत्त्व द्यायचं ते आपण ठरवू शकतो. मी पोताला जास्त आणि मोठेपणाला अगदी कमी देतो. मोठेपणा म्हणजे बहुतेक वेळा मास्टरिंगच्या फॅशनचा प्रश्न असतो, नव्वदीनंतर सीडींचा आवाज जास्तीत जास्त मोठा ठेवायची स्पर्धाच लागली होती, त्यावरून गाण्याचा स्वभाव कसा ठरवणार. नाचायची यादी हवी असेल तर लयीचं वजन वाढवा, वाचत बसायला मागे काहीतरी हवं असेल तर पोत. अपेक्षा अशी की प्रत्येक प्लेअरला वेगळी वजनं देता यावीत, पण वजनं सगळ्यांना मिळून एकच.

चालवायची रीत सोपी आहे. लिरियनमध्ये "डोन्ट स्टॉप द म्युझिक" नावाची सोय आधीपासूनच आहे, क्यू म्हणजे वाजायच्या गाण्यांची रांग संपत आली की पुढची गाणी घालणारी. तिथे ब्लिस निवडायचं, झालं. ती क्यूमधल्या शेवटच्या काही गाण्यांवरून पुढची शोधते, म्हणून मिक्स हळूहळू सरकत जातो. रात्री अकूस्टिकवर सुरू केलेलं तासाभराने जॅझपाशी पोचलेलं असू शकतं, प्रत्येक पायरी पटण्यासारखी आणि तरी पहिल्या गाण्याशी शेवटच्याचा काही संबंध नाही. कुणाला हे सरकणं आवडत नाही, मला तर त्याच्यासाठीच ते वापरावंसं वाटतं. एका गाण्याऐवजी तीन चार गाणी आधी क्यूमध्ये टाकून सुरू केलं तर सुरुवातीची दिशा जास्त पक्की मिळते, ही युक्ती नक्की वापरून बघा.

पहिल्यांदा विश्लेषणाला वेळ लागतो, प्रत्येक फाइल पूर्ण उघडून वाचायची म्हटल्यावर लागणारच. सर्व्हर रास्पबेरी पायसारख्या छोट्या मशीनवर असेल तर हे काम घरातल्या दमदार लॅपटॉपवर ब्लिस अ‍ॅनालायझर ह्या सोबतच्या प्रोग्रॅमने करून तयार डेटाबेस सर्व्हरवर अपलोड करता येतो. फायलींचे पत्ते म्युझिक फोल्डरच्या आतले तेवढेच नोंदवले जातात, त्यामुळे दोन मशीनवर फोल्डर वेगळ्या ठिकाणी असला तरी अडत नाही. पुढच्या वेळेपासून फक्त नव्या फायली तपासल्या जातात. मात्र फोल्डरचं नाव बदललंत की त्यातलं सगळं त्याच्या दृष्टीने नवीन, म्हणून नावांची आवराआवर आधी, विश्लेषण नंतर. हे सगळं कमांड लाइनवर, म्हणजे आज्ञा टाइप करून चालतं; त्याची भीती वाटणाऱ्यांनी शेजारी कुणीतरी जाणकार बसवावा, पण ते एकदाच.

लिरियन नसेल तर? एमपीडी हा दुसरा म्युझिक सर्व्हर वापरणाऱ्यांसाठी त्याच ब्लिस लायब्ररीवरचं ब्लिसिफाय आहे, चालू गाण्यावरून थेट यादी बनवून देतं. प्लेक्स ह्या मीडिया सर्व्हरच्या प्लेक्सॅम्प ह्या म्युझिक अ‍ॅपमध्ये सोनिक अ‍ॅनालिसिस आहे, त्यातली एका गाण्यापासून दुसऱ्या गाण्यापर्यंत वाट काढणारी "सोनिक अ‍ॅडव्हेंचर" ही कल्पना फारच भारी, पण त्यासाठी प्लेक्स पास ही पैसे भरून मिळणारी वर्गणी घ्यावी लागते आणि सॉफ्टवेअर बंदिस्त आहे. जेलीफिन किंवा नॅव्हिड्रोम हे सर्व्हर वापरणाऱ्यांनी ऑडिओम्यूज बघावं, ते मशीन लर्निंगची मॉडेलं वापरतं, गाण्यांचे गटही पाडतं, बदल्यात मशीन जास्त दमदार लागतं आणि डॉकरशी (प्रोग्रॅम वेगळ्या बंद डब्यात चालवायची पद्धत) ओळख हवी.

मी ब्लिसवरच आहे, कारण ते हलकं आहे आणि त्याने एखादं गाणं का निवडलं ते साधारण समजू शकतं. एक शेवटचं, मिक्स फर्मास जमला तर क्यू लगेच प्लेलिस्ट म्हणून सेव्ह करा. निवडलेली जवळची गाणी ते थोडी पिसून मग देतं, तेच सीड देऊन उद्या परत लावलं तर हीच यादी मिळेल असं नाही.