सहा दिवस की कोट्यवधी वर्षं?

वसईतल्या ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या वर्गात बायबलमधले उत्पत्तीचे सहा दिवस शब्दशः शिकवायचे, की देवाने उत्क्रांतीतून घडवलं असं सांगायचं?

पुराव्यावर पहिला पर्याय टिकत नाही. सतराव्या शतकात आर्चबिशप अशर यांनी बायबलमधल्या वंशावळ्या मोजून निर्मिती इ.स.पूर्व ४००४ ला बसवली. पण कोकणातला काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांचा, आणि जांभा त्याच्याच झिजेतून नंतरचा.

चर्चची आडकाठी? नाही. १९५० मध्ये पोप बारावे पायस यांनी शरीराच्या उत्क्रांतीवर अभ्यासाला वाव दिला. आत्मा मात्र थेट देवाकडून.

दुसऱ्या पर्यायाची खरी गोची बायबलमधल्या पहिल्या माणसाशी, आदामाशी. जनुकशास्त्राला एकाच जोडप्याऐवजी हजारोंचा समूह दिसतो, मग मूळ पाप, म्हणजे आदामाकडून सगळ्या माणसांत आलेलं पाप, कुणाचं? हे उत्तर तयार ठेवा, मुलं विचारतातच.

दहावीच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ शिकणाऱ्यांना दुसरा पर्याय. बालवर्गाला सहा दिवसांची गोष्ट चालेल, फक्त सन-तारीख लावू नका.