टिडलीविकीत वर्गणीचा हिशोब: बेरीज जमते, विभक्ती जमत नाही

गेल्या गणपतीत सोसायटीची कॅशियरकी माझ्या गळ्यात पडली (मीटिंगला उशिरा पोचलं की असंच होतं). वही मला झेपत नाही, एक्सेल मोबाईलवर उघडायचं म्हणजे चिमटे काढत बसा, आणि माझ्या सगळ्या नोट्स आधीपासून टिडलीविकीत, म्हटलं हिशोबही तिथेच करू, बघू तरी जमतंय का.

ज्यांनी वापरलं नाही त्यांच्यासाठी, जेरेमी रस्टनने २००४ साली काढलेलं फुकट सॉफ्टवेअर, अख्खी विकी एकाच एचटीएमएल फाइलमध्ये, नेट लागत नाही, पेनड्राइव्हवर टाकून कुठेही न्या. प्रत्येक नोटला टिडलर म्हणतात. मी दर फ्लॅटचा एक टिडलर केला, त्याला वर्गणी असा टॅग आणि नाव, रक्कम अशी दोन फील्ड (म्हणजे रकाने).

बेरजेसाठी फिल्टर लिहायचा, म्हणजे कुठले टिडलर घ्यायचे आणि त्यांचं काय करायचं ते सांगणारी एक ओळ. तीन महिरपी कंस, आत एक चौकोनी कंस, त्यात टॅग वर्गणी, मग गेट रक्कम, मग सम, झालं. नवीन पाकीट आलं की आकडा आपोआप बदलतो, भारी वाटतं. ही गणिताची सोय २०१९ मध्ये ५.१.२० या आवृत्तीत आली, त्याआधी बेरजेलाही प्लगिन शोधत बसावं लागायचं.

पण तो चौकोनी कंस गेटनंतर बंद करून, अधिक चिन्ह टाकून सम वेगळ्या कंसात लिहिलात तर फसलात. कंस बंद झाला की टिडलीविकी तेच तेच नाव एकदाच धरते, आणि तिच्या लेखी आकडा म्हणजेही नावच. आता गणपतीची वर्गणी म्हणजे निम्मी बिल्डिंग ५०१ वाली! ५०१, ५०१ आणि १००१ याचे २००३ व्हायला हवेत, तिथे १५०२ येतात. आकडे हाताने टाकणार असाल तर प्रत्येकाच्या आधी बरोबरचं चिन्ह टाका, मग सगळे मोजते.

दुसरं म्हणजे शाळेतला कंचेभागुबेव इथे चालत नाही, सरळ डावीकडून उजवीकडे. रिक्षाचे १०० आणि प्रसादाची ५० पाकिटं १२ रुपयांनी, तर आधी १०० लिहून त्यात ५० मिळवून १२ ने गुणलंत की ७०० च्या जागी १८००. गुणाकार आधी लिहायचा, रिक्षा मागून.

आणि माझी फजिती सांगते. एका रात्री पेटीतले पैसे आणि स्क्रीनवरचा आकडा जुळेना, स्क्रीनवर बरोबर १००० कमी. सगळी पाकिटं परत मोजली, नवरा म्हणाला झोप आता. शेवटी सापडलं, एका फ्लॅटची रक्कम मी स्वल्पविराम देऊन १,००१ अशी टाइप केलेली, आणि टिडलीविकी स्वल्पविराम दिसला की तिथेच थांबते, म्हणजे त्या बिचाऱ्यांची वर्गणी फक्त १ रुपया धरली! मग खेळच लागला मला. '५०१ रु.' लिहिलं तर ५०१ धरते, 'रु. ५०१' लिहिलं तर शून्य. आणि हे सगळं इंग्रजी अंकात लिहिलं तरच, मराठी कीबोर्डवरून देवनागरी अंक टाकलेत तर कसंही लिहा, शून्यच. कुठे लाल रंग नाही, एरर नाही, गुपचूप शून्य. माझा एक स्टार इथे गेला.

आता मजकूर जोडणं. व्हॉट्सॲपवर पोच टाकायची होती, तर नाव, पुढे शब्द, पुढे रक्कम. शब्दामागे शब्द चिकटवायला ॲडसफिक्स आहे, यादी जोडायला जॉइन आहे, आणि २०२३ च्या ५.३.० पासून उलट्या अवतरणात सरळ वाक्य लिहून मध्ये फिल्टर बसवता येतो, तेच वापरा, वाचायला सोपं.

पण जोडते ती नुसती अक्षरं. खर्चाच्या यादीत शब्दापुढे 'चे' लावलं तर मंडपचे, पेढेचे, हारचे! मंडपाचे, पेढ्यांचे कोण करणार? नावांचंही तेच, 'कुलकर्णी काकाकडून' वाचून ग्रुपवर काका काय म्हणतील ते वेगळं. दोन दिवस डोकं खाजवलं आणि मग मंडळाचं जुनं पावतीपुस्तक हाताला लागलं, त्यावर छापलेलं, 'श्री. ............ यांजकडून'. अहो हेच तर हवं होतं! मधल्या जागेत कुठलंही नाव टाका, वाक्य मोडत नाही. छापखानेवाल्यांनी हा प्रॉब्लेम कधीच सोडवून ठेवलाय आणि मी फिल्टर लिहीत बसलेय. खर्चाला तसंच 'यासाठी' लावलं, पेढे यासाठी ६४०, जरा सरकारी वाटतं पण चुकत नाही.

सेव्हचं मात्र आधी बघून घ्या. नुसत्या ब्राउझरमध्ये उघडलंत तर दर सेव्हला नवीन कॉपी डाउनलोड होते, माझ्या डाउनलोड फोल्डरमध्ये वर्गणी कंसात १४ पर्यंत फायली झाल्या होत्या.

पाचपैकी साडेतीन. अर्धा स्टार त्या १५०२ चा कापलाय. यंदाही कॅशियर मीच आहे, मीटिंगला वेळेत गेले होते तरी.